काकूचा भाऊ

अदिलाबादच्या त्या टॉकीजला बायकांचा वेगळा दरवाजा होता. बाजूच्या बोळातून शिरायचं, डोक्यावरचा पदर सावरायचा आणि लोखंडी सळ्यांच्या रांगेतून एकीमागे एक आत जायचं. परवा गेले तर तो दरवाजा विटांनी बुजवून टाकलेला, वर चुना फासलेला. पण उंबऱ्याचा दगड त्यांनी काढला नव्हता. मी जाऊन त्या दगडावर उभी राहिले. मागून माझी सून म्हणाली, आई, तिकडून रस्ता नाही, समोरून आहे. तिला मी काय सांगणार? या दगडावर पाय ठेवायला मी वर्षभर वाट पाहायची.

समोर ढोल वाजत होते. सकाळचा शो होता. आमच्या लहानपणीचा मारामारीचा पिक्चर एका दिवसासाठी परत लावला होता आणि त्यासाठी निम्मं अदिलाबाद लोटलं होतं. हिरोचं दोन माणसं उंच चित्र उभं केलेलं, त्याच्या गळ्यात झेंडूचे हार, आणि केस काळे केलेले माझ्या वयाचे बाप्ये शिडीवर चढून त्याला दुधानं आंघोळ घालत होते. खरा हिरो आता नातवंडं खेळवत असेल, गुडघ्यांना तेल लावून बसत असेल. चित्रातली मिशी मात्र काळीभोर होती. मला तर बाई त्याला पाहून माहेरचं माणूस दिसल्यासारखं झालं.

काकू माझ्या दंडाला धरून उभी होती. काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. काका गेले, माझी आई गेली, आणि त्या पिढीतली आता ही एकटीच राहिली आहे, माझ्याजवळच असते. होळीच्या आधी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला, आम्ही गावात पेढे वाटले. डॉक्टर म्हणाले होते की आवाज घोगरा होईल, पण रोज बोलत राहा, नाहीतर आहे तेवढाही बसून जाईल. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा पाणी मागितलं, तर शेजारची एक बाई पटकन म्हणून गेली की माय वो, हा तर गडीमाणसाचा आवाज झाला. झालं. त्या दिवसापासून काकू बोलली नाही. हाक मारायची तर टाळी वाजवायची, पाणी पाहिजे तर तांब्या आपटायची. ज्या बाईचा आवाज भाजीबाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, ती टाळ्या वाजवून जगत होती, आणि मला रोज रडायला यायचं.

मला तिचा आवाज परत पाहिजे होता. घोगरा, फाटका, कसाही. दिवस जात होते आणि डॉक्टरांचं ते बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी समजावलं, रागावले, एकदा जेवणही बंद करून पाहिलं माझं. मग बाजारात त्या पिक्चरची जाहिरात पाहिली. घरी येऊन म्हटलं, काकू, तुझा भाऊ आला टॉकीजला. तिनं हातातली शेंगांची टोपली खाली ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी मला उठवायला माझ्या उशाशी येऊन टाळ्या वाजवल्या.

आमचं गाव तामसीकडचं. कापसाची शेवटची वेचणी झाली, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या की वेचणीच्या सगळ्या बायका टॉकीजला जायच्या, असा आमच्याकडं रिवाजच होता. पहाटे बंडीत कडबा पसरायचा, वर सतरंजी टाकायची. जवारीच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांदे एका फडक्यात बांधलेले. बायकांच्या केसांना चोपडलेल्या तेलाचा वास, ठेवणीतल्या लुगड्यांचा पेटीतला वास, आणि त्यात बैलांच्या शेणाचा. रस्त्यानं घुंगरं वाजत राहायची आणि कुणी ना कुणी गाणं उचलायची. बोटांना बोंडांचे ओरखडे असायचे. त्या हातांनी एकमेकींना पानं लावून दिली जायची.

टॉकीजच्या आत गेलं की आधी वासच अंगावर यायचा. पुरुषांच्या बाजूनं बिडीचा धूर, बाहेरून मिरची भज्यांचा घाणा, बायकांच्या बाजूला लेकरांच्या दुधाचा आंबूस वास. बाकडी लाकडी, त्यात ढेकूण. जिनिंग जवळच होती, त्यामुळं हवेत कापूस उडत असायचा, आणि पिक्चरचं मशीन सुरू झालं की त्या उजेडाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगताना दिसायचे. वर्षभर जो कापूस वेचून वेचून जीव नकोसा व्हायचा, तोच तिथं पाहत राहावासा वाटायचा. पडद्यावर काय चाललंय ते मला थोडं उशिरानं कळायचं.

बायकांना मात्र देवाचे पिक्चर दाखवायचे, असं पुरुषांनी ठरवलेलं. मारामारीचे पिक्चर त्यांचे. माझी आई पांढरकवड्याकडची, नदीपलीकडची, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, देव घरी हायेतच की, पैनगंगा ओलांडून मी काय देवच पाहाले आली काय. पण चालायचं पुरुषांचंच.

काकू लग्न होऊन आली तेव्हा मी दुसरी-तिसरीत होते. ती नेरडीगोंड्याकडची, पक्की तेलुगू. सोयरीक कशी जमली ते मला कुणी कधी सांगितलं नाही. तिला मराठीचा ठोही येत नव्हता. भाकरी करपली की 'भाकर जळाला' म्हणायची आणि आम्ही पोरं लोळून हसायचो. तीही हसायची. उंच, सावळी, मोठ्या मोठ्या पावलांनी चालणारी, आणि आवाज असा की वावराच्या पलीकडच्या बांधावरचा माणूस वळून पाहील.

मग ते पाहुण्यांचं झालं. माझ्या आईच्या माहेरचे पाहुणे आले होते, तिचे वडील, म्हणजे आमचे आबा, आणि तिच्या दोन आत्या. आई चुलीपाशी होती. नवी सूनबाई म्हणून काकू दारात गेली, हात जोडले, मान लववली आणि गोड आवाजात म्हणाली, "रंडि, रंडि."

आता तेलुगूत मोठ्या माणसाला 'यावं, यावं' म्हणायचं तर हाच शब्द. पण मराठीत तो कानावर कसा पडतो ते मी इथं फोडून सांगत नाही, वाचणाऱ्याला कळलंच असेल. आईच्या म्हाताऱ्या आत्यांना घेरी यायची बाकी राहिली. आबा आल्या पावली परत निघाले. काका धावत गेले, हात जोडून समजावलं, बाजारात जाऊन तेलुगू कळणाऱ्या चार माणसांनी साक्ष दिली. आबा परतले, जेवले, पण आईचं मन काही मानेना. सांगायला काय जाते, बायकोची बाजू घेणारच तो, असं तिचं म्हणणं. तिच्या बापाला तिच्याच दारात असं ऐकावं लागलं, हे तिच्या काळजात रुतून बसलं.

त्यानंतर आई काकूशी बोलली नाही. बोंडं फुटली, कापूस वेचून झाला, तरी नाही. भाकर वाढताना ताट सरकवायची, तोंड दुसरीकडं. गावातल्या बायका तर काकू दिसली की पदरात तोंड घालायच्या. काकूचाही आवाज हळूहळू बसत गेला. कुणी काही विचारलं तर मान हलवायची. तिला भाऊ नव्हता, एक बहीण होती ती दूर दिलेली. तिच्या बाजूनं बोलणारं, आमच्या भाषेत बोलणारं, काका सोडले तर कुणीच नव्हतं. मोटेच्या विहिरीमागं बसून ती एकटीच तेलुगूत पुटपुटायची, ते मी ऐकलं होतं.

त्या वर्षी आम्ही नेहमीसारख्या देवाचा पिक्चर पाहायला गेलो. टॉकीजला पोचलो तर देव आदल्या दिवशीच उतरलेले! भिंतीवर मिशीवाला, लुंगीवाला, दगडासारख्या मुठी आवळलेला हिरो. बरोबरचे दोन बाप्ये म्हणाले, चला परत. आई बंडीतून खाली उतरली आणि सरळ बायकांच्या दरवाजाकडं चालायला लागली. तिच्या मागं सगळ्या.

तो पिक्चर! अहो, पहिल्या घासालाच मिरच्यांच्या गोदामातली मारामारी. हिरो एकेकाला उचलून मिरच्यांच्या पोत्यांवर आपटतोय, पोती फुटून सगळीकडं लाल धूळ, गुंड शिंकतायत, हिरो शिंकतोय, शिंकता शिंकता मारतोय. बाहेरच्या भज्यांचा खकाणा आत येतच होता. बाकड्यावरच्या आमच्या बायकाही शिंकायला लागल्या, आणि प्रत्येक ठोशाला अख्खी टॉकीज 'आक् छी' करत होती. काकू सोडली तर आमच्यातल्या कुणालाही तेलुगूचं एक वाक्य धड कळत नव्हतं. कळण्याची काय गरज होती? ज्याला मार पडत होता त्याचं तोंड पाहूनच कळत होतं की त्याला पडायलाच पाहिजे होता.

आणि मग तो प्रसंग आला. हिरोच्या अंगणात रात्रीचे गुंड येतात, हातात पलिते, पीक जाळायला. हिरो खाटेवर बसलेला. तो सावकाश उठतो. सगळ्यांना वाटतं आता हाणणार. तो हात जोडतो, मान लववतो आणि गोड आवाजात म्हणतो, "रंडि, रंडि."

आमच्या बाकड्यांवर बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्यांवर शिट्ट्या. पडद्यावर हिरोची म्हातारी आई बाहेर येते, बाकडं पदरानं पुसते, पितळी तांब्यातून पाणी आणते, आणि ते गुंड पार गोंधळून बाकड्यावर बसतात. माझी आई तोंडाला पदर लावून पाहत होती. तिच्या आणि काकूच्या मध्ये मी बसले होते. आईनं माझ्या डोक्यावरून काकूकडं पाहिलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"काय म्हनून राह्यला व तो?"

काकू तिच्याकडं झुकली. "या म्हनते, बाई," ती म्हणाली. "मान देते. पाव्हना हाये, बसा म्हनते."

पडद्यावर गुंड पाणी प्यायले, आणि त्यातल्या एकानं तांब्या फेकला, तो म्हातारीला लागला. हिरोनं लुंगी दुमडून खोचली. बोटानं खूण केली. तोंडातून एकच अक्षर काढलं, "रा!"

काकू ताडकन बाकड्यावरून उठली. "आता ये म्हनते!" ती ओरडली, तिचा तो पहिला, वावराच्या पलीकडं जाणारा आवाज. "आता मान नाई देत! आता ये म्हनते, ये!"

मग जे काही झालं ते मी पन्नाशी ओलांडली तरी विसरले नाही. पडद्यावर हाणामारी, आणि इकडं काकू उभी राहून सांगतेय, आणि बायका विचारतायत, आता काय म्हनते, आता काय म्हनते. माझी आई, जी सणालाही मोठ्यानं हसायची नाही, ती बाकडं बडवत होती. मला कळत होतं की काहीतरी फार चांगलं झालंय. नेमकं काय ते कळायला मला मोठं व्हावं लागलं.

परतताना नाल्यापाशी बंडी सोडली, फडकं उघडलं. आईनं भाकर मोडली, त्यावर ठेचा ठेवला आणि पहिली काकूच्या हातात दिली.

"माह्या बापाले तू या म्हनलं होतं," ती म्हणाली.

"होय, बाई."

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"

"मराठी कुठं येत होता, बाई," काकू म्हणाली, आणि दोघी रडायला लागल्या. मग आईनंच डोळे पुसले. म्हणाली, तुले भाऊ नाई म्हनते ना, हा घे भाऊ, चांगला आडदांड हाये, आता कोनाची टाप हाये तुले बोलाची. बंडीतल्या सगळ्या बायका हसल्या, आणि त्या दिवसापासून तो हिरो आमच्या गावात काकूचा भाऊ झाला.

गंमत नव्हती ती. नवा पिक्चर लागला की भाजी घेऊन गेलेला कुणीही येऊन निरोप द्यायचा, वहिनी, तुमचा भाऊ आला टॉकीजला. आई तिला नवं लुगडं नेसवून पाठवायची, भावाकडं जाताना जुनं नेसू नये म्हणून. आईच्या माहेरचे पाहुणे आले की आता आई स्वतः काकूला दारात उभी करायची, आणि आबा, ते म्हातारे आबा, उंबऱ्याबाहेर थांबून राहायचे. काकूनं तिच्या भाषेत 'यावं' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत.

आणि देवाचे पिक्चर संपले ते संपलेच. पुढची कितीतरी वर्षं आमच्या गावानं मारामाऱ्या पाहिल्या त्या काकूच्या तोंडून. ती बाकड्यांच्या मधोमध बसायची, आजूबाजूच्या गावांच्या बायकाही सरकत सरकत तिच्या जवळ यायच्या. पडद्यावर हिरो एक वाक्य बोलायचा, काकू तीन बोलायची. पुढं मला तेलुगू यायला लागलं तेव्हा कळलं की त्यातली दोन तिची स्वतःची असत. खलनायक मरायला टेकला की ती त्याला आपल्याकडून चार शिव्या घालायची, हिरोला सांभाळून जा म्हणायची, आणि हिरोईन फार रडायला लागली की भाषांतर करायचीच नाही. मी विचारलं तर म्हणायची, रडून राह्यला ती, त्यात काय सांगायचा. 'राह्यला ती' हे तिचं कधीच सुटलं नाही. आम्हाला ते सुटायला नकोच होतं.

लोक मला हसतात, या वयात असले जुने पिक्चर काय पाहता म्हणून. हसा. आताच्या मारामाऱ्या मी पाहिल्यात, लेक दाखवतो मोबाइलवर. माणसं पतंगासारखी उडतात, काचा फुटतात, कोण कोणाला मारतंय त्याचा पत्ता लागत नाही, आणि आपण भज्याचा घास तोंडात घालेपर्यंत शंभर मेलेले. आमच्या हिरोनं ठोसा मारला तर तो आधी खांद्यापासून निघायचा. निघालेला दिसायचा. मध्ये आपल्याला 'हाण!' म्हणायला वेळ असायचा. पडणारा गवताच्या गंजीवर पडायचा, मडक्यांच्या उतरंडीवर पडायचा, आणि ती मडकी कुठं ठेवलीयत ते आम्हाला आधीच दिसलेलं असायचं. हिरोचं पोट थोडं सुटलेलं होतं, घोड्यावर चढताना तो खरंच धापा टाकायचा. असा माणूस दहा जणांना लोळवतो तेव्हा वाटतं की आपणही लोळवू शकू. मी परीक्षेला, बाळंतपणाला, आणि सासरच्या वाटणीच्या भांडणाला मनातल्या मनात लुंगी खोचून गेलेली बाई आहे. आणि जिंकलेली आहे.

मग घरोघरी टीव्ही आला, केबलचं डबडं आलं, बंडी मोडली, बैल गेले. ढेकणांची बाकडी गेली हे बरंच झालं म्हणा. पोरं तेलुगू शाळेत गेली, त्यांना सांगणारं कुणी लागेना. गोटी सोडा गेला, जिनिंग गावाबाहेर गेली, टॉकीजच्या उजेडातला कापूस गेला. आई गेली त्या वर्षी काकू तिच्या उशाशी बसून जुन्या मारामाऱ्या सांगायची. आई डोळे मिटून विचारायची, आता काय म्हनते?

परवा आत गेलो तर खुर्च्या गुबगुबीत, गारवा मशीनचा. पण पोरं तीच. अहो, पिक्चर सुरू व्हायच्या आधीच नाचत होती, कागदाचे तुकडे उधळत होती. जी पिढी हा पिक्चर लागला तेव्हा जन्मलीही नव्हती, तिला प्रत्येक वाक्य पाठ. हिरोनं तोंड उघडायच्या आत टॉकीज बोलून मोकळी. माझ्या शेजारी काकू, तिच्या पलीकडं सून. सून वणीची, उन्हाळ्यात लग्न झालं, शिकलेली आहे पण तेलुगू म्हणाल तर शून्य. मी तिला मुद्दाम काकूच्या शेजारी बसवलं होतं. एवढीच माझी युक्ती.

मिरच्यांची मारामारी आली तेव्हा सून हसली, काकू शिंकली, पण गप्प. सून मला वाकून वाकून विचारत होती, आई, तो काय म्हणतोय? मी सरळ सांगितलं, मले कुठं येते तेलुगू. रोज बाजारात तेलुगूत भांडणारी बाई मी! काकूनं माझ्याकडं असं पाहिलं की बस. मग ती हातानं खुणा करून सुनेला सांगायला लागली. अंधारात खुणा कुठं दिसणार?

अंगण आलं. पलिते आले. हिरो खाटेवरून उठला, आणि त्याच्या आधी अख्ख्या टॉकीजनं, हजार तोंडांनी, हात जोडून तो शब्द म्हटला. माझी सून दचकली. तिनं कानाला हात लावला आणि उठायलाच लागली. "आई, हे लोक काय बोलून राहिले? चला इथून."

काकूनं माझ्या दंडाला चिमटा काढला, सांग म्हणून. मी पडद्याकडं पाहत राहिले. सून उभी राहिलेली, मागची पोरं बसा बसा म्हणून ओरडतायत, आणि मी गप्प. काकूनं सुनेचा हात धरून खाली ओढलं.

"या म्हनते," ती म्हणाली.

कोरड्या पऱ्हाट्यांवरून कुणी चालत जावं तसा आवाज. सून तिच्या तोंडाकडं पाहत राहिली. तिनं लग्नापासून हा आवाज ऐकलाच नव्हता.

"या म्हनते, बाई. वाईट नाई म्हनत. मान देते. बस, बस तू."

सून बसली. मी वळूनही पाहिलं नाही, काकू उगाच लाजायची म्हणून. मग काकू थांबलीच नाही. तांब्या फेकला तेव्हा सुनेला सांगितलं, 'रा' आला तेव्हा सांगितलं, हिरोच्या एका वाक्याला तीन, हिशेब चुकला नाही. मध्ये खोकली, पाणी प्यायली, पुन्हा सुरू. मी अंधारात रडत होते आणि हसत होते.

पण मध्यंतराला दिवे लागले आणि काकूनं तोंडावर पदर ओढला. सुनेनं तिला काही विचारलं तर नुसती मान हलवली. पुढच्या रांगेतल्या दोन बायका वळून पाहत होत्या, कुणाचा आवाज होता म्हणून. मी विचारलं, भजी आणू? तिनं टाळी वाजवली. अंधारात आलेला आवाज उजेडात परत गेला, म्हणजे काय मिळालं? घरी उजेडच असतो की.

उत्तरार्धात ती पुन्हा बोलली. शेवटच्या मारामारीला तर सगळे खुर्च्यांवर उभे, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि काकूही उभी राहून गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती. मी तिला अडवलं नाही. पण माझं लक्ष पडद्यावर नव्हतं. दिवे लागतील तेव्हा काय, एवढाच विचार मी करत होते.

दिवे लागले, दरवाजे उघडले, गर्दीनं आम्हाला बाहेर आणलं. भर दुपारचं ऊन. काकूचा पदर पुन्हा तोंडावर. समोर चहाची टपरी होती, तिथं तोबा गर्दी. खाकी कपड्यातला एक पोट सुटलेला माणूस, बसचा कंडक्टर, केसांत कागदाचे तुकडे अडकलेले, चहावाल्याला काही सांगायला गेला तर तोंडातून नुसती हवा. त्यानं घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला, चिरकला, आणि स्वतःच हसायला लागला. त्याच्या शेजारचा बोलला तर त्याचाही आवाज फाटलेला. कॉलेजच्या पोरी एकमेकींना हाका मारत होत्या, आवाज कावळ्यांचे. माझी सून मला म्हणाली, "आई, चहा," आणि दचकून गळ्याला हात लावला. तिचाही बसला होता. टपरीवर उभं असलेलं प्रत्येक माणूस घोगरं, अख्खा रस्ता घोगरा, आणि कुणाला त्याची लाज नव्हती. उलट जो जास्त फाटला तो जास्त ऐटीत.

काकू ऐकत होती. पदर हळूहळू खाली आला. ती गर्दीतून पुढं सरकली, टपरीच्या फळीवर हात ठेवला आणि चहावाल्याला तेलुगूत खणखणीत सांगितलं, तीन चहा, साखर कमी. खणखणीत म्हणजे त्या आवाजात जितकं खणखणीत होता येईल तितकं. चहावाल्यानं वर पाहिलंही नाही. त्याच्या दृष्टीनं तो आणखी एक गेलेला घसा होता.

कंडक्टरनं मात्र पाहिलं. पांढऱ्या केसांची म्हातारी आपल्यासारखीच ओरडून आली याचं त्याला फार कौतुक वाटलं असावं. हात जोडून, चिरक्या आवाजात त्यानं विचारलं, अम्मा, तुमचाही आवाज गेला वाटतं? काकूनं त्याला तेलुगूत काहीतरी उत्तर दिलं. तो मोठ्यानं हसला आणि आपला चहा आधी तिच्या पुढं केला.

मला ऐकू आलं होतं. पण सुनेला कळलं नव्हतं, ती दोघांच्या तोंडाकडं पाहत होती. म्हणून काकू तिच्याकडं वळली, तिथं, त्या भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, आणि मराठीत म्हणाली,

"त्याले सांगितला मी, गेला नाई म्हनलं, बाबा. आत्ताच आला."